दमा आटोक्यात ठेवायचा कसा: दोन पंप, घरातली हवा आणि झटक्याचा पहिला तास

घरात कुणाला दमा असल्याचं पहिल्यांदाच कळलं असेल तर डॉक्टरांच्या खोलीतल्या दहा मिनिटांत सगळं समजत नाही. घरी आल्यावर प्रश्न पडायला लागतात. कोणता पंप कधी घ्यायचा, अगरबत्ती लावायची की नाही, रात्री दोन वाजता धाप लागली तर आधी काय करायचं? हा लेख अशा नव्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. औषधाचा डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील. बाकीचं बरंच काही मात्र घरातच ठरतं.

आधी आजार समजून घ्या

दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते. ही सूज त्रास नसतानाही कमी-जास्त प्रमाणात राहते. सुजलेल्या नळ्या चिडक्या होतात. धूर, धूळ, सर्दी, थंड वारा असं काही लागलं की त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो आणि हवा बाहेर पडायला अडते. म्हणून श्वास सोडताना छातीतून सूं-सूं आवाज येतो. रात्री किंवा पहाटे ढास लागणं, हसल्यावर किंवा धावल्यावर खोकला येणं, छाती आवळल्यासारखी वाटणं ही याचीच लक्षणं. काहींना शिटीसारखा आवाज कधीच येत नाही, फक्त कोरडा खोकला असतो. त्यांचं निदान उशिरा होतं.

निदानाची मुख्य तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री. यंत्रात जोरात फुंकायचं, मग साल्ब्युटामॉल हे श्वासनलिका सैल करणारं औषध घेऊन साधारण १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. मोठ्या माणसात पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्के आणि २०० मिलिलीटरपेक्षा जास्त वाढली तर दम्याच्या बाजूने पुरावा मिळतो. ज्या दिवशी तब्येत ठीक आहे त्या दिवशी ही तपासणी अगदी नॉर्मल येऊ शकते. तेवढ्यावरून दमा नाही असं ठरत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना नीट फुंकता येत नाही, त्यामुळे तिथे लक्षणं कशी आणि कधी येतात यावरच डॉक्टर भर देतात. लहान मुलांच्या या दम्यालाच आपल्याकडे बाळदमा म्हणतात.

प्रत्येक धाप दम्याची नसते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, सोबत ताप आणि वजन घटणं असेल तर आधी क्षयाची तपासणी. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या किंवा विडी ओढणाऱ्या माणसाला पन्नाशीनंतर कायमची धाप लागायला लागली तर सीओपीडीचा, म्हणजे वर्षानुवर्षांच्या धुराने फुप्फुसं कायमची खराब होण्याच्या आजाराचा विचार हवा. गॅलरीत कबुतरांचा मुक्काम आहे, कोरडा खोकला आणि धाप महिन्यामहिन्याने वाढतेच आहे, पंपाचा काही उपयोग होत नाही, असं असेल तर कबुतरांची विष्ठा आणि पिसं यांच्यामुळे होणारा फुप्फुसाचा वेगळा आजार असू शकतो. डॉक्टरांना कबुतरांबद्दल आपण होऊन सांगा, कारण विचारायचं राहून जाऊ शकतं.

दोन औषधं, दोन वेगळी कामं

दमा बिघडण्यामागे सगळ्यात मोठं कारण हे आहे की रुग्ण आराम देणारा पंप घेत राहतो आणि सूज उतरवणारा पंप बंद करतो.

आराम देणारा पंप म्हणजे साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल. तो आवळलेले स्नायू सैल करतो. काही मिनिटांत बरं वाटतं, परिणाम चार ते सहा तास टिकतो. सूज मात्र होती तिथेच राहते. प्रतिबंधक पंपात श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड असतं: ब्युडेसोनाइड, बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन यांपैकी एखादं. ते सूज उतरवतं. त्याचा परिणाम दिसायला काही दिवस आणि पूर्ण परिणामाला आठवडे लागतात. घेतल्याघेतल्या काहीच जाणवत नाही, म्हणून लोकांना ते बिनकामाचं वाटतं आणि तेच सुटतं.

दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘जिना’ या गटाने २०१९ पासून स्पष्ट सांगितलं आहे की मोठ्या माणसांनी आणि किशोरवयीन मुलांनी केवळ साल्ब्युटामॉलवर राहू नये. दमा सौम्य असला तरी सोबत श्वासातलं स्टेरॉइड हवंच. २०० मात्रांचे (पंप एकदा दाबला की एक मात्रा) आराम पंप वर्षात तीन किंवा जास्त लागत असतील तर मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला असतो. बारा किंवा जास्त लागत असतील तर जिवालाच धोका वाढतो. औषधाच्या दुकानातून दर महिन्याला नवा आराम पंप आणावा लागतोय, हे लक्षण खोकल्याइतकंच गंभीर माना.

आता बऱ्याच रुग्णांना ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल असा जोड-पंप दिला जातो. फॉर्मोटेरॉलही आवळलेले स्नायू सैल करतं आणि लगेच काम करतं, त्यामुळे डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल तर हाच पंप रोज आणि त्रास झाला की जास्तीचाही घेता येतो. दिवसाची कमाल मात्रा त्यांच्याकडून लिहून घ्या. फ्लुटिकासोन आणि साल्मेटेरॉल या जोडीचं तसं नाही. साल्मेटेरॉल हळू काम करतं, म्हणून तो पंप झटक्यात वापरायचा नाही. आपल्याकडे कंपनीगणिक पंपांचे रंग बदलतात, तेव्हा रंगावर जाऊ नका. प्रत्येक पंपावर कायम शाईच्या पेनने ठळक लिहून ठेवा: ‘रोज’ किंवा ‘त्रास झाल्यावर’.

‘पंपाची सवय लागते’ ही भीती घरोघर आहे. तिचं उत्तर आकड्यांत आहे. साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची असते, पंपाची एक मात्रा १०० मायक्रोग्रॅमची. म्हणजे एका गोळीत चाळीस मात्रांचं औषध पोटात जातं आणि रक्तातून सगळ्या शरीरात फिरतं. हात थरथरतात, छाती धडधडते. पंपातलं औषध थेट श्वासनलिकेत पडतं म्हणून इतकं कमी पुरतं. पंप घेतल्याने कुणी त्याचा गुलाम होत नाही. पंप सोडल्यावर त्रास परत येतो तो आजार परत डोकं वर काढतो म्हणून.

पंप घेण्याची रीत

औषध बरोबर, डोस बरोबर, तरी दमा हटत नाही, तेव्हा आधी पंप कसा घेतला जातोय ते पाहावं. चुकीच्या पद्धतीने घेतला तर बरंचसं औषध जिभेवर आणि घशात पडून राहतं.

साध्या पंपासाठी क्रम असा. झाकण काढा आणि तोंडाच्या भागात काही अडकलं नाही ना ते बघा. खिशातले सुटे पैसे किंवा कागदाचा बोळा तिथे जाऊन बसतो. पंप जोरात हलवा. नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर कागदावर लिहिलंय तितक्या मात्रा आधी हवेत सोडा. सरळ बसा, श्वास पूर्ण सोडा. पंप दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटा. संथपणे श्वास आत घ्यायला सुरुवात करा आणि सुरुवात होताच डबी एकदाच दाबा. तीन ते पाच सेकंद आत ओढत राहा. मग दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखा. दुसरी मात्रा घ्यायची असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून पंप पुन्हा हलवा.

दाबणं आणि ओढणं यांची वेळ जुळत नाही, हीच नेहमीची चूक. त्यावर उपाय स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसणारी प्लास्टिकची नळकांडी. लहान मुलांना, वयस्करांना आणि झटक्याच्या वेळी सगळ्यांनाच स्पेसर हवा. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला तोच मुखवटा लावून द्यावा. मुखवटा नाक-तोंडावर घट्ट बसला पाहिजे, कडेने हवा सुटली तर औषधही सुटलं. स्पेसरमध्ये एका वेळी एकच मात्रा सोडायची. ‘एकदम चार दाबून टाकू’ असं केलं की थेंब एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात आणि आत कमी जातं. मोठ्यांनी संथ खोल श्वास घ्यावा, मुलांना पाच-सहा साधे श्वास पुरतात. रडणाऱ्या मुलाच्या फुप्फुसात फारच थोडं औषध पोचतं. शक्य असेल तर आधी शांत करा.

स्पेसर फडक्याने पुसू नये. घासल्याने प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीला चिकटतं. महिन्यातून एकदा भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवा, तोंडाचा भाग तेवढा स्वच्छ पाण्याने धुवा आणि बाकीचा निथळून आपोआप वाळू द्या. नवा आणला तरी वापरण्याआधी असाच धुवा. अडीअडचणीला स्पेसर नसेल तर ५०० मिलिलीटरची स्वच्छ, पूर्ण कोरडी प्लास्टिकची बाटली चालते. बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढं भोक पाडा आणि बाटलीच्या तोंडातून श्वास घ्या. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी ही युक्ती दमेकरी मुलांवर तपासून पाहिलेली आहे.

आपल्याकडे रोटाहेलर खूप वापरतात, कारण तो स्वस्त पडतो. त्यात पावडरची कॅप्सूल असते. कॅप्सूलचा पारदर्शक भाग खाली करून चौकोनी भोकात बसवा, वरून सपाट होईपर्यंत दाबा, तळ फिरवा म्हणजे कॅप्सूल उघडते. श्वास बाहेर सोडायचा तो यंत्रापासून तोंड बाजूला करून. आत फुंकर गेली तर पावडर उडते आणि ओलसरही होते. इथे श्वास जोरात आणि खोल ओढायचा असतो, साध्या पंपाच्या अगदी उलट. ज्यांना दोन्ही प्रकार दिलेत त्यांची इथेच गल्लत होते. ओढून झाल्यावर आत बघा, पावडर उरली असेल तर पुन्हा ओढा. कॅप्सूल गिळून टाकणारे रुग्ण आजही भेटतात, विशेषतः औषधं एकाच डब्यात ठेवणारे वयस्कर लोक. ती गोळ्यांच्या डब्यात ठेवूच नका. पावसाळ्यात बाटलीचं झाकण लगेच लावा, कॅप्सूल दमट झाली की पावडरच्या गुठळ्या होतात. आणि मोठ्या झटक्यात रोटाहेलरवर विसंबू नका. तेव्हा जोरात ओढायची ताकदच उरत नाही.

स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरून थुंका. नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात, आवाज बसतो. सकाळ-संध्याकाळ दात घासायच्या आधी पंप घेतला की चूळही होते आणि पंप विसरतही नाही.

पंप संपला की नाही हे डबी पाण्यात तरंगवून कळत नाही. औषध संपल्यावरही नुसता वायू शिल्लक असतो, फवारा उडतो आणि आपण औषध घेतलं असं वाटतं. आकडा दाखवणारा पंप मिळाला तर तोच घ्या. नाहीतर सुरू केल्याची तारीख चिकटवून हिशोब ठेवा: २०० मात्रांचा पंप, रोज चार मात्रा, म्हणजे ५० दिवस.

तुमचा त्रास कशाने वाढतो ते शोधा

सगळ्यांनी सगळंच टाळायची गरज नाही. एका वहीत महिनाभर रोज एकच ओळ लिहा: त्रास किती, रात्री जाग आली का, आराम पंप किती वेळा, आणि त्याआधी काय घडलं होतं. झाडू मारला, पाहुण्यांबरोबर सिनेमाला गेलो, गिरणीवर दळण आणायला गेलो, पाऊस सुरू झाला, सर्दी झाली. तीन-चार आठवड्यांत तुमची कारणं दिसायला लागतात. लहान मुलांत साध्या विषाणूंची सर्दी हेच सगळ्यात मोठं कारण असतं. म्हणून ‘सर्दी छातीत उतरली’ म्हणून दर वेळी अँटिबायोटिक देण्याने काही साधत नाही.

अंथरुणापासून सुरुवात करा, कारण माणूस दिवसाचा तिसरा हिस्सा तिथे असतो. गाद्या, उशा आणि गोधड्यांत अगदी बारीक किडे राहतात, डोळ्याला न दिसणारे, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. आपल्या अंगावरून झडणारा कातडीचा कोंडा हे त्यांचं खाणं. त्यांची विष्ठा श्वासात गेली की दमा उठतो. ते पाणी पीत नाहीत, हवेतला दमटपणा शोषून जगतात. म्हणून कोकणात, गोव्यात आणि मुंबईत ते फोफावतात, आणि हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की मरायला लागतात. चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. नुसत्या गार पाण्याने मळ जातो, किडे जगतात. गादीला आणि उशीला चेन असलेलं घट्ट विणीचं आवरण घाला. गादी-गोधड्या कडक उन्हात तीन-चार तास दोन्ही बाजूंनी टाका. झटकायचं काम दुसऱ्या कुणीतरी आणि घराबाहेर करायचं. जुनी कापसाची गादी पिंजायला काढली तर त्या दिवशी रुग्णाने तिथे थांबूच नये. लोकरीची घोंगडी आणि मऊ खेळणी पलंगावर नकोत.

केर काढताना कोरडा झाडू धूळ उडवतो आणि ती बराच वेळ तरंगत राहते. ओल्या फडक्याने पुसणं बरं. दसरा-दिवाळीची साफसफाई, माळ्यावरची जळमटं, पोटमाळ्यावरच्या जुन्या वह्या, ही कामं दमेकऱ्याने करू नयेत. घरात दुसरं कुणी नसेल तर एन-९५ मास्क लावून, खिडक्या उघड्या ठेवून करावीत. झुरळांचीही ॲलर्जी असते, त्यांच्या विष्ठेची आणि सुकलेल्या अंगाची. फवारणीचा वास मात्र स्वतःच झटका आणू शकतो, त्यापेक्षा जेलचे ठिपके वापरा, खरकटं रात्रभर ठेवू नका, मोरीची जाळी बंद ठेवा.

पावसाळ्यात भिंतीला येणाऱ्या काळ्या बुरशीवर नुसता रंग मारू नका. ओल कुठून येते ते आधी बंद करा, नाहीतर दोन महिन्यांत बुरशी रंगातून वर येते. घरात दोरीवर कपडे वाळत घातले की खोली आणखी दमट होते. विदर्भात आणि मराठवाड्यात हीच अडचण उन्हाळ्यात कूलरमधून येते. मागच्या वर्षीच्या ताट्यांमध्ये बुरशी वाढलेली असते आणि पंखा ती थेट तोंडावर सोडतो. मार्चमध्ये कूलर लावताना ताट्या नव्या घाला, टाकीतलं पाणी साचू देऊ नका.

धुराबद्दल सांगायचं तर सवलत देण्यासारखं काही नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं की डासांची एक कॉइल जळताना जितके बारीक कण हवेत सोडते तितके ७५ ते १३७ सिगारेटी जळताना सुटतात. बंद खोलीत, मुलाच्या उशाशी रात्रभर! मच्छरदाणी लावा, खिडक्यांना जाळी बसवा. काहींना लिक्विडच्या मशीननेही त्रास होतो, म्हणून मच्छरदाणीच उत्तम. अगरबत्ती आणि धूप हा श्रद्धेचा विषय आहे, पण पूजा फुलांनी आणि निरांजनाने होतेच. गणपतीत लावायचीच असेल तर गॅलरीत लावा आणि रुग्णाला दुसऱ्या खोलीत बसवा. स्वयंपाकघरात फोडणी देताना, मिरच्या किंवा मसाला भाजताना खिडकी आणि एक्झॉस्ट पंखा आधी चालू करा, ठसका लागल्यावर नको. गॅस आला तरी पाणी तापवायला चूल पेटतेच अशी घरं खूप आहेत. चूल निदान अंगणात न्या. घरातल्या कुणीही, गॅलरीत उभं राहूनसुद्धा, सिगारेट-विडी ओढू नये. धूर कपड्यांवरून आत येतो.

फटाक्यांत आवाजापेक्षा धूर घातक. पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने वेगवेगळ्या फटाक्यांचा धूर मोजला तेव्हा बारीक कणांत पहिला क्रमांक सापाच्या गोळीचा लागला. तिला आवाज नाही, म्हणून ती निरुपद्रवी समजून सगळ्यात लहान मुलांच्या हातात दिली जाते, आणि ती मुलं तिच्यावर वाकून बसतात.

बाहेरच्या हवेसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप मोबाइलवर घ्या. हवेचा निर्देशांक १०१ ते २०० मध्ये असतो तेव्हा सरकारी वर्गवारीत त्याला ‘मध्यम’ म्हणतात, पण त्याच वर्गवारीत दमेकऱ्यांना त्रास होऊ शकतो असंही नमूद आहे. २०० च्या वर गेला तर पळणं, सायकल, मैदानावरचे खेळ त्या दिवशी नकोत. मुंबई-पुण्यात डिसेंबर-जानेवारीत थंड हवा जमिनीलगत अडकते आणि सकाळी प्रदूषण दाट असतं, तेव्हा फिरायला ऊन वर आल्यावर जा.

शेतातल्या दमेकऱ्यांबद्दल कमी लिहिलं जातं. मळणीयंत्राजवळची धूळ साधी माती नसते, तिच्यात टरफलांचा भुगा आणि बुरशी असते. सोयाबीनच्या टरफलाची धूळ किती बाधते हे स्पेनच्या बार्सिलोना शहराने दाखवलं. तिथे १९८१ ते १९८७ या काळात दम्याच्या अचानक साथी येत, एका दिवसात रुग्णालयं भरत. शोध घेतल्यावर कळलं की बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवलं जाई आणि ज्या कोठारात ते भरत त्याला धूळ अडवणारी गाळणी नव्हती. गाळणी बसवली, साथी थांबल्या. आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये गावोगाव हेच सोयाबीन उघड्यावर मळलं जातं. दमा असेल तर यंत्राच्या तोंडाशी उभं राहू नका, वारा पाठीमागून येईल असे थांबा, आणि एन-९५ मास्क लावा. तोंडाला गुंडाळलेला टॉवेल बारीक धूळ अडवत नाही. गाजर गवत फुलण्याआधी उपटा. फुलावर आल्यावर उपटलं तर परागकण अंगावर उडतात.

खाण्यापिण्याबद्दल थोडक्यात: केळं, दही, पेरू, ताक यांनी सरसकट दमा होत नाही. तुमच्या वहीत एखादा पदार्थ पुन्हा पुन्हा सापडला तर तेवढा टाळा. गोळ्यांचं मात्र जपा. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी तीव्र झटका येतो, विशेषतः ज्यांच्या नाकात कोंब वाढलेत त्यांना. काचबिंदूचे काही थेंब आणि रक्तदाबाच्या काही गोळ्याही दमा वाढवतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दम्याबद्दल सांगा.

कोजागिरीला खिरीतून औषध घेणारे आणि मृगाला हैदराबादला माशाचा प्रसाद घ्यायला जाणारे रुग्ण आपल्यात आहेत. श्रद्धा ठेवायला कुणाची हरकत नाही, रोजचा पंप मात्र त्यासाठी एक दिवसही सोडू नका. नाव-गाव नसलेल्या पुड्यांनी चटकन गुण येत असेल तर सावध व्हा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे; वजन, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात.

गरोदरपणात पंप बंद करणं ही फार महागात पडणारी चूक आहे. आईचा श्वास अडला की बाळाचा प्राणवायू कमी होतो. पंप चालू ठेवा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा.

दमा आटोक्यात आहे का, हे मोजा

गेल्या चार आठवड्यांबद्दल स्वतःला चार प्रश्न विचारा. दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा त्रास झाला का? दम्यामुळे रात्री जाग आली का? आराम पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? दम्यामुळे एखादं काम किंवा खेळ सोडावा लागला का? चारही उत्तरं ‘नाही’ असतील तर दमा आटोक्यात आहे. एक-दोन ‘हो’ म्हणजे अर्धवट, तीन-चार म्हणजे हाताबाहेर. ‘एवढं चालायचंच’ म्हणत वर्षानुवर्षं काढणारे रुग्ण या चार प्रश्नांवर थबकतात.

पीक फ्लो मीटर हे फुंकर किती जोराची आहे ते मोजणारं स्वस्त यंत्र घरी असावं. काटा शून्यावर आणा, उभे राहा, पूर्ण श्वास भरा आणि एका दमात जोराने फुंका. तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहा. सरासरी काढायची नाही. सकाळी आणि संध्याकाळी, औषध घेण्याआधी. तब्येत उत्तम असताना दोन आठवड्यांत आलेला सर्वांत मोठा आकडा ही तुमची पट्टी. समजा तो ४०० आहे, तर ३२० च्या वर हिरवा पट्टा, २०० ते ३२० पिवळा, २०० च्या खाली लाल. पिवळ्यात दोन दिवस अडकलात तर खोकला नसला तरी डॉक्टरांना फोन करा, कारण हा आकडा त्रास जाणवायच्या आधी घसरायला लागतो.

दोन-तीन महिने सलग बरं असेल तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. आपल्या मनाने बंद करू नका, आणि दिवाळीच्या किंवा पावसाच्या तोंडावर तर कमी करायला सांगूही नका.

झटका आला तर

खालचा क्रम कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. झटक्यात डोकं चालत नाही, कागद चालतो.

१. रुग्णाला सरळ बसवा, थोडं पुढे झुकून. आडवं करू नका. धुराच्या किंवा धुळीच्या जागेतून बाहेर आणा. घट्ट कपडे सैल करा.

२. आराम पंपाच्या ४ मात्रा स्पेसरमधून, एका वेळी एक. प्रत्येक मात्रेनंतर चार ते सहा श्वास.

३. चार मिनिटं थांबा. घड्याळ बघा.

४. आराम नसेल तर पुन्हा ४ मात्रा.

५. तरीही फरक नसेल तर १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा. मदत पोचेपर्यंत दर चार मिनिटांनी ४ मात्रा देत राहा. या वेळेत पंप जास्त होईल या भीतीने थांबू नका.

डॉक्टरांनी ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलच आराम पंप म्हणून दिला असेल तर मात्रा त्यांनी लिहून दिल्याप्रमाणे घ्या.

काही चिन्हं दिसली तर दोन फेऱ्यांची वाट न बघता लगेच निघा: एका श्वासात वाक्य पुरं होत नाही, ओठ किंवा नखं निळसर झाली, मानेचे स्नायू ताणले जातात आणि बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, बाळ दूध ओढू शकत नाही, रुग्ण गुंगीत जातोय, ऑक्सिमीटरवर ९२ च्या खाली आकडा. छातीतला आवाज एकाएकी थांबला आणि रुग्ण थकून गप्प झाला तर तो बरा झाला असं समजू नका. हवा आत-बाहेर होणंच कमी झालंय. हा सगळ्यात धोक्याचा क्षण असतो. ऑक्सिमीटरचा आकडा ९६ आहे म्हणून धाप लागलेल्या माणसाला घरी बसवूही नका, कारण ऑक्सिजन शेवटी उतरतो.

या वेळी गरम पाण्याची वाफ, छातीला बाम, कफ सिरप, झोपेची गोळी यांत वेळ घालवू नका. बामच्या उग्र वासाने काहींचा त्रास वाढतो, आणि झोपेच्या गोळीने श्वास आणखी मंदावतो. नेब्युलायझर (औषधाचा बारीक फवारा मुखवट्यातून देणारं यंत्र) नाही म्हणून हातपाय गाळू नका. सौम्य ते मध्यम झटक्यात स्पेसरसह दिलेला पंप तितकंच काम करतो.

आराम पडला आणि तीन-चार तासांत पुन्हा पंपाची गरज लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मोठ्या झटक्यानंतर स्टेरॉइडच्या गोळ्यांचा पाच-सात दिवसांचा कोर्स दिला जातो. बरं वाटलं म्हणून दुसऱ्या दिवशी सोडू नका, सूज उतरायला तेवढे दिवस लागतात. आठवड्याच्या आत पुन्हा तपासून घ्या आणि जाताना पंप सोबत न्या, म्हणजे तुम्ही तो कसा घेता ते त्यांना बघता येईल.

शाळा, प्रवास, गाव

शाळेत पंप मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात ठेवू नये. मुलाच्या दप्तरात एक आणि वर्गशिक्षकांकडे एक असावा, सोबत फ्रिजवरच्या कागदाची प्रत. मुलाला खेळाच्या तासातून वगळू नका. दहा-पंधरा मिनिटं अंग गरम करून घेतलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर खेळाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पंप घेतला, की बहुतेक मुलं पूर्ण खेळ खेळतात.

मे महिन्यात गावी जाताना पंप गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, तापलेल्या बंद गाडीत डबी फुटू शकते. एसटीत किंवा रेल्वेत तो वरच्या रॅकवरच्या बॅगेत नको, अंगावरच्या पिशवीत हवा, आणि विमानात हातातल्या सामानात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. गावच्या घरी पोचण्याआधी फोन करून तुमची खोली ओल्या फडक्याने पुसायला आणि अंथरूण उन्हात टाकायला सांगा. वर्षभर बंद पेटीत राहिलेली गोधडी पहिल्याच रात्री अंगावर घेतली की सुट्टीचे पुढचे दिवस तालुक्याच्या दवाखान्यात जातात. आपली चादर आणि उशीचा अभ्रा बरोबर न्या. जवळचं चोवीस तास चालू असलेलं रुग्णालय कुठे आहे आणि रात्री गाडी कुणाकडे मिळेल, हे पोचल्या दिवशीच विचारून ठेवा.